डाव्या बाजूची फिटिंग

लेडीज टेलरच्या दुकानात दोन गोष्टी कितीही झाडून काढल्या तरी साठत राहतात. एक चिंध्या आणि दुसरे किस्से. चिंध्या निदान गादीवाला पोत्यात भरून घेऊन जातो. किस्से कोण नेणार?

डोंबिवली पूर्वेला तळमजल्यावर, घराच्याच पुढच्या खोलीत माझं दुकान. माप द्यायला उभी राहिलेली बाई हात वर करते आणि त्याच वेळी तिचं तोंडही सुटतं. सासू, नणंद, नवऱ्याचं प्रमोशन, शेजारणीचा व्हीसीआर, सगळं टेपच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ऐकायला मिळतं. वीस वर्षं मी लोकांचे किस्से ऐकले. मग माझ्याच अंगावर एवढे आले, की लोकांचे विसरायला झाले!

हे त्यातले. हसायचं तर खुशाल हसा, मी आधीच हसून घेतलंय. रडूनही घेतलंय, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही.

*

त्या वर्षी कटोरी ब्लाऊजची फॅशन जोरात होती. नवीन पॅटर्न काढला की मी आधी स्वतःला शिवून बघायची. दुकानात पुतळा होता, पण पुतळ्याला डोंबिवलीतल्या सेहेचाळीस वर्षांच्या बाईचं अंग कुठून असणार!

नवरात्राच्या आधी एक ब्लाऊज शिवला. उजवी कटोरी मस्त बसली. डावी काही बसेना. ताणली जायची आणि हुकाजवळ चुणी पडायची.

माझं कटिंग चुकेल? शक्यच नाही! उसवला, परत शिवला. चुणी तिथेच. मग मी कापडाला नावं ठेवली, कात्रीला धार नाही म्हटलं, मशीनला तेल घातलं. शेवटी डाव्या कटोरीची माया थोडी सोडली. माया म्हणजे शिलाईच्या आत राखलेलं जास्तीचं कापड, पुढेमागे ब्लाऊज सैल करायला लागलं तर असावं म्हणून. सोडली आणि काय, ब्लाऊज झक्क बसला! इतका आनंद झाला की मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"बघा, बसला की नाही?"

"बसला," हे पेपरातून मान वर न करता म्हणाले.

दिवाळीला परत चुणी. परत माया सोडली. संक्रांतीला परत. दुसरी कुणी बाई असती तर डॉक्टरकडे गेली असती. मी टेलर! मी ब्लाऊज सैल करत गेले!

आमची मेधा तेव्हा बी.कॉम.ला होती. मैत्रिणीच्या लग्नाला तिने माझा तो ब्लाऊज घातला आणि तणतणत दुकानात आली. दोन गिऱ्हाइकं बसलेली.

"आई, काय शिवलंयस हे? उजवीकडे बरोबर आहे आणि डावीकडे नुसतं लोंबतंय!"

"लोंबणारच," मी तोऱ्यात म्हटलं, "ती बाजू माझ्या अंगाप्रमाणे सोडलीय."

"एकच बाजू?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझा हात डाव्या कटोरीवर गेला. मेधाने गिऱ्हाइकांना उद्या यायला सांगितलं आणि दुकानाचं शटर स्वतः खाली ओढलं.

*

आमचे फॅमिली डॉक्टर वयाने मोठे आणि भारी सज्जन. गेली कित्येक वर्षं ह्या घरातले सर्दी-खोकले त्यांनीच बरे केलेले. मला तपासायचं म्हटल्यावर मी लाजले त्याच्या दुप्पट ते लाजले.

नर्सला जवळ उभं केलं, मेधाला उभं केलं आणि स्वतः समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर डोळे खिळवून हाताने चाचपू लागले. बराच वेळ चाचपलं. चेहरा गंभीर होत गेला.

"डॉक्टर, काय आहे?"

"परवा संकष्टी आहे," डॉक्टर म्हणाले.

मग भानावर आले बिचारे. चष्मा काढून पुसला. "गाठ आहे. दुखत नाही म्हणताय, ते मला आवडलेलं नाही. ठाण्याला सर्जनकडे जा. संकष्टीची वाट बघू नका, उद्याच जा."

*

ठाण्याचे सर्जन माझ्या धाकट्या दिरापेक्षाही लहान दिसत होते. सुई घालून तपासणी झाली, रिपोर्ट आला, तोच जो यायला नको होता. त्यांनी समोर बसवून तो शब्द उच्चारला. ह्यांनी टेबलाची कड धरली. मी मात्र शांत! कारण माझ्याकडे उपाय तयार होता.

"डॉक्टर, सगळं काढायची काय गरज? आम्ही टक्स घालतो बघा, तसं करा. गाठीपुरती चुणी उचलायची, कापायची आणि शिवून टाकायचं. मी वीस वर्षं ह्याच भागावर काम करतेय."

सर्जनने पेन खाली ठेवलं. मग परत उचललं आणि कागदावर चित्र काढायला घेतलं.

"ह्या आतल्या दुधाच्या ग्रंथी. मोसंबीच्या फोडी असतात ना, तशा गोल मांडलेल्या. प्रत्येक फोडीतून एक नळी निघते ती बोंडाशी येते. मधे सगळी चरबी. आता मला सांगा, हे कुठून कुठपर्यंत असतं?"

मी ऐटीत बोट ठेवून कटोरीची गोलाई दाखवली.

"ही तुमची शिलाई झाली. हे वर गळ्याच्या हाडाच्या जवळपास जातं. मधे छातीच्या हाडापर्यंत. आणि ह्या बाजूला त्याचं एक शेपूट निघतं, ते इथे काखेत शिरतं. काखेत अवधाण येतं ना, त्या गाठी इथेच असतात. आजार पसरायला लागला की बरेचदा आधी तिथे जातो."

म्हणजे मी वीस वर्षं बाही जोडायचा मुंढा म्हणून जो भाग कापत होते, तिथपर्यंत हे प्रकरण होतं! अख्ख्या डोंबिवलीच्या छात्या मोजल्या आणि छाती कुठे संपते तेच मला माहीत नव्हतं. खाली मान घालून मी चित्राकडे बघत राहिले.

"गाठीच्या भोवतीचा चांगला भागही थोडा घ्यावा लागतो," ते समजावू लागले.

"माया धरून कापायचं," मी म्हटलं.

"म्हणजे?"

मी सांगितलं. त्यांना ते एवढं पटलं की पुढच्या पेशंटला माया म्हणूनच समजावलं म्हणे. तेवढीच काय ती माझी लाज राहिली.

*

दवाखान्यातून बाहेर पडलो. रस्त्यात हे एकदम थांबले आणि म्हणाले, "घाबरू नकोस." आणि स्वतःच स्टेशनच्या उलट्या दिशेला चालायला लागले.

मी वाचेन की नाही हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. मला फक्त मेधा दिसत होती. तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. त्या काळात लोक कॅन्सर हा शब्द कुजबुजत बोलायचे आणि बोलून झाल्यावर आजूबाजूला बघायचे. आईला आहे म्हणजे मुलीला होणार, हे तर सगळ्यांना डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत होतं. एकदा बोभाटा झाला की त्या पोरीला कोण करून घेणार?

"कुणाला कळता कामा नये," मी म्हटलं. "माझं काय व्हायचं ते होऊ दे. मेधाचं लग्न अडलं तर मी जिवंत असून मेल्यासारखीच."

"मग ऑपरेशन कसलं म्हणून सांगायचं?"

"पित्ताशयात खडा."

हे ठाण्याच्या कोर्टात क्लार्क. आयुष्यभर खऱ्याखोट्याच्या मधे बसून फायली लावलेल्या. स्वतः खोटं बोलायची वेळ पहिल्यांदाच आली, आणि तयारी अशी केली की वकिलाने केली नसती!

*

ऑपरेशन झालं. घरी आले. चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे दामलेकाका भेटायला आले. त्यांचंही पित्ताशयाचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालेलं आणि तेव्हापासून त्यांचा स्वतःचा खडा शोकेसमध्ये, बाटलीत, गणपतीच्या शेजारी! येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवल्याशिवाय चहा मिळायचा नाही.

येताना ती बाटली ते बरोबर घेऊन आले होते.

"वहिनी, तुमचा खडा कुठाय? शेजारी ठेवून बघूया!"

मी ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढून घेतलं. मला वाटलं, संपलं सगळं. पण हे शांतपणे उठले, कपाट उघडलं आणि आतून एक काचेची बाटली काढून टेबलावर ठेवली. आत खडा! चांगला बोराएवढा, काळपट, पाण्यात बुडवलेला. मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

दामलेकाकांचा खडा वाटाण्याएवढा. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी आमची बाटली उचलली, उजेडात धरली, फिरवली, नाकाशी नेली.

"वहिनी," ते म्हणाले, "तुमच्या खड्याला डांबर लागलंय!"

गल्लीत रस्त्याचं काम चाललं होतं. ह्यांनी खडी घरी आणली, पण धुवायची राहून गेली. मी तोंडावर ब्लँकेट घेतलं आणि टाके दुखेपर्यंत हसले. हे मात्र चेहरा न हलवता म्हणाले, "काका, हिच्या खाण्यात तेलकट फार असतं."

दामलेकाका खडा विसरले आणि मला पथ्य सांगत तासभर बसले.

*

कोळीवाड्यातली हिराबाय आमच्या दारावर मासळी घेऊन यायची. तिला उंबऱ्यातच खडा म्हणून सांगितलं. तिने पाटी खाली ठेवली, सरळ आत आली, मला एकदा वरून खाली बघितलं. बाकी भेटायला येणारे सगळे माझ्या छातीकडे बघायचं टाळत औषधाच्या बाटल्या मोजायचे. ही बघतच राहिली.

"खरा डाव्या बाजूला व्हता तुजा," ती म्हणाली. तिच्या तोंडी खडा म्हणजे खरा.

मग मात्र माझा बांध फुटला. तीन आठवडे कुणासमोर रडले नव्हते, ती हिराबायसमोर हुंदके देऊन रडले. म्हटलं, "हिराबाय, एक बाजू गेली गं माझी."

तिने माझे डोळे तिच्या पदराने पुसले. पदराला बोंबलाचा वास.

"अगो बाय, पोर मोटी जाली तुजी. आता त्याला काम काय व्हतं? पेन्शनीत निंगालेला ता! त्याच्यासाटी रडतं कोन?"

जाताना दोन पापलेटं ठेवून गेली आणि दारातून ओरडली, "कोनाला सांगाची नाय मी. खरा तर खरा!"

*

पुढे मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात लाईट घ्यायला जायचं होतं. लाईट म्हणजे मशीनखाली झोपवून किरणं सोडायची. पहिल्या दिवशी तिथल्या टेक्निशियनने छातीवर जांभळ्या शाईने रेघा मारल्या. आडव्या, उभ्या, कोपऱ्यात फुल्या. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं मी कापडावर जे केलं ते आज माझ्यावर होत होतं, आणि बाईचा हात खरंच चांगला होता.

आता आम्हा टेलर लोकांना एक सवय असते. काम झालं की खडूची खूण झटकून टाकायची. खूण राहिलेला कपडा गिऱ्हाइकाला देणं म्हणजे नाव घालवणं! घरी आले, आंघोळीला बसले आणि एकेक रेघ घासून घासून काढली.

दुसऱ्या दिवशी टेक्निशियनने गाऊन बाजूला केला आणि ती किंचाळली. "मॅडम! मार्किंग कुठे गेलं?"

"पुसलं," मी अभिमानाने म्हटलं. "डाग नाही राहू दिला एकही."

तिने डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. सगळं मोजमाप पहिल्यापासून. नंतर मी जितके दिवस तिथे गेले तितके दिवस माझ्या केसपेपरवर लाल शाईत लिहिलेलं असायचं, पेशंट टेलर आहे, लक्ष ठेवा.

*

आता डावी बाजू भरायचा प्रश्न आला. सर्जन म्हणाले, मुंबईत तयार मिळतं. मी म्हटलं, मी टेलर असून दुसऱ्याचं रेडिमेड घालू?

आधी कापूस भरला. दिसायला छान. पण कापसाला वजन नसतं, तो जागेवर थांबत नाही. सकाळी बरोबर असायचा, दुपारी दोन बोटं वर, आणि संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेला गळ्याशी! समोरची बाई बोलता बोलता थांबायची आणि माझ्या गळ्याकडे बघायची.

वजन पाहिजे म्हणून मऊ कापडाची गोल पिशवी शिवली आणि तिच्यात मूग भरले. काय सांगू! वजन बरोबर, गोलाई बरोबर, हलली की अंगाबरोबर हलायची. मी आरशासमोर खूश. आठवड्याभराने घामाचा वास येतो म्हणून इतर कपड्यांबरोबर ती पिशवीही साबणाच्या पाण्यात भिजवली, पिळली आणि गॅलरीत वाळत घातली. दिवस श्रावणातले. वाळतेय कुठली!

तिसऱ्या दिवशी हे गॅलरीतून ती पिशवी दोन बोटांत धरून स्वयंपाकघरात आले. शिवणीतून पांढरे मोड बाहेर डोकावत होते.

"हे," ह्यांनी कोर्टात विचारतात तशा आवाजात विचारलं, "परत भरणार आहेस, की उसळ करणार आहेस?"

मग मी मोहरीवर आले. मोहरी बारीक, अंगाला टोचत नाही, हवा तसा आकार घेते. धुवायच्या आधी रिकामी करायची एवढंच लक्षात ठेवायचं. सर्जनना दाखवली तर त्यांनी ती तळहातावर तोलून बघितली आणि मग ठाण्याहून एकदोन बायकांना माझ्याकडे पाठवलं. त्याही सगळ्यांना खडाच सांगत होत्या!

*

दोन वर्षं गेली. तपासण्या चांगल्या येत होत्या. मेधाला ठाण्याचं एक स्थळ सांगून आलं. मुलगा इंजिनिअर, घर माजिवड्याला नव्या बिल्डिंगमध्ये. मुलाची आई विमलताई शाळेत मुख्याध्यापिका. मध्यस्थाने आधीच सांगून ठेवलं, "बाई फार कडक. सगळं बारीक बघतात."

ते ऐकून मी इतकी घाबरले की स्वतःसाठी नवा ब्लाऊज शिवायला घेतला. माझ्या ब्लाऊजला आतून डावीकडे खिसा असतो, मोहरीची पिशवी ठेवायला. घाईत अस्तर उलटं धरलं. खिसा उजवीकडे आला! आणि आयुष्यात पहिल्यांदा मी फिटिंग न बघता ब्लाऊज घडी करून ठेवला.

पाहुणे फाटकातून आत येत होते तेव्हा मी हुक लावत होते. पिशवी डावीकडे सरकवते तर खिसाच नाही. उजवीकडे आहे, पण तिथे माझं स्वतःचं देवाने दिलेलं आहे! आता ही पिशवी ठेवू कुठे? बेल वाजली. मी पिशवी तांदळाच्या डब्यात टाकली, पदर मागून पुढे घेतला, दोन्ही खांदे गुंडाळले आणि हसत बाहेर आले.

मार्च महिना. घामाने निथळत होते. एका हाताने पदर गच्च धरलेला, दुसऱ्या हाताने बशा देतेय. विमलताई माझ्याकडे एकटक बघत होत्या. मधेच त्यांनी ह्यांना सांगून पंखा वाढवला. मला वाटलं, कळलं. मेधाचं गेलं हे स्थळ, आणि ते माझ्या उलट्या अस्तरापायी!

दुसऱ्या दिवशी मध्यस्थ पेढे घेऊन हजर.

"मुलगी पसंत! आणि विमलताई म्हणाल्या, आईचं वळण बघूनच आम्ही होकार दिला. एवढ्या उकाड्यात दोन्ही खांद्यांवरून पदर घेणाऱ्या बायका हल्ली राहिल्यात कुठे!"

मेधा हसून हसून जमिनीवर बसली. मी देवापुढे साखर ठेवली आणि त्या दिवसापासून घरातसुद्धा पदर सोडला नाही.

*

साखरपुडा झाला, लग्नाची तारीख निघाली. आता विहिणीच्या मानाच्या साडीवरचा ब्लाऊज मी सोडून दुसरं कोण शिवणार? विमलताई माप द्यायला आल्या. हात ताठ, मान ताठ, शाळेत प्रार्थनेला उभ्या राहतात तशा.

पहिल्या फिटिंगला म्हणाल्या, "डाव्या मुंढ्यात काचतंय."

मी थोडा सोडला.

दुसऱ्या फिटिंगला तेच. "अजून काचतंय. उजवा ठीक आहे. सगळी डोंबिवली तुमच्या शिलाईचं कौतुक करते, मला तर दिसत नाही हो."

माझं डोकं फिरलं. विहीण असली म्हणून काय झालं! तो ब्लाऊज घेऊन मी पडद्याच्या बाहेर आले, मशीनवर पसरला, दोन्ही मुंढे एकावर एक ठेवले. दोरा इकडे तिकडे नाही. अगदी सारखे. ही बाईच खोडसाळ, असं म्हणणार होते, आणि तशीच स्टुलावर बसले.

मुंढा सारखा होता. मग काख सारखी नव्हती.

मला सर्जनचं बोट कागदावर काखेत शिरताना दिसलं. पडद्याआड विमलताई उभ्या होत्या आणि त्यांना काही माहीत नव्हतं. बोलले असते तर? लग्नघरात, विहिणीला, मुलीच्या आईने असलं अभद्र बोलायचं! आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, तुम्हाला कसं कळलं? मग दोन वर्षं जपलेलं सगळं बाहेर. मेधाचं लग्न संपलं.

न बोलायचं तर अगदी सोपं होतं. अजून पाव इंच सोडायचा. कात्री हातात होती आणि ब्लाऊजमध्ये माया शिल्लक होती. खोटं कशाला बोलू, सोडावा असं मला वाटलं. चांगला बराच वेळ वाटत राहिलं. लग्नानंतर सांगू, दीड महिन्याने काय होतंय, असंही वाटलं. माझे असेच किती महिने गेले होते ते मला ठाऊक होतं, म्हणून बसवेना.

मी ब्लाऊज घेऊन आत गेले. पडदा नीट ओढून घेतला. पदर खाली टाकला आणि माझ्या ब्लाऊजचे हुक काढायला लागले.

विमलताई दोन पावलं मागे सरकल्या. "अहो! हे काय करताय?"

मी पिशवी काढून स्टुलावर ठेवली. आतला व्रण दाखवला, पार काखेपर्यंत गेलेला. म्हटलं, "विमलताई, मीसुद्धा आधी ब्लाऊजच सैल करत बसले होते. तुम्ही नका बसू. काखेत हात लावून बघा. उद्या डॉक्टरकडे जा."

त्यांनी बघितलं. व्रणाकडे, मग माझ्या तोंडाकडे. मग उजवा हात डाव्या काखेत नेला आणि तिथेच ठेवला. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. हात खाली घेतला, स्वतःचा ब्लाऊज घातला, पदराला पिन लावली, पर्स उचलली आणि निघून गेल्या. चहा गॅसवर तसाच राहिला.

हे कोर्टातून आल्यावर मी विमलताईंच्या काखेचं सांगितलं. "त्यांना आपलं सांगितलंस?"

"दाखवलं," मी म्हटलं.

ते चहा गरम करून घेऊन आले आणि माझ्या शेजारी बसून राहिले. मेधाला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं केलंस आई." मग बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ सोडल्याचा आवाज येत राहिला. ती आमच्या नळाला पाणी यायची वेळ नव्हती. बादलीतलंच पाणी ती तांब्याने ओतत होती.

दिवस गेले. ठाण्याहून फोन नाही, चिठ्ठी नाही, मध्यस्थही फिरकेना. मी लग्नाच्या साड्यांचे फॉल लावायचं थांबवलं नाही, पण लावताना प्रत्येक टाक्याला मला शरम वाटत होती. मीच माझ्या पोरीचं लग्न मोडलं, आणि वर तिच्याच साड्यांना फॉल लावतेय! एकदा वाटायचं, गप्प बसले असते तर बरं होतं. लगेच विमलताईंचा काखेत थांबलेला हात आठवायचा.

आणि एका दुपारी मुलगा स्वतः दुकानात आला. दाढी वाढलेली, डोळे जागरणाने लाल. हातात कापडी पिशवी, तिच्यात तो अर्धा शिवलेला ब्लाऊज. घाईत विमलताईंनी पर्सबरोबर तोही उचलून नेला होता, हे तोपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"आईचं काल ऑपरेशन झालं," तो म्हणाला. "सर्जन म्हणाले, वेळेत आणलंत."

मी मशीनचं चाक धरून उभी राहिले. मेधा आतल्या दारात येऊन थांबली. लग्नाचं विचारायचं मला धाडस होईना, तिलाही होईना, आणि तो बिचारा पिशवी आमच्यापैकी कुणाच्या हातात द्यावी ते न कळून दोघींकडे बघत होता. शेवटी त्याने ती मशीनवर ठेवली.

"आईने शुद्धीवर आल्या आल्या निरोप दिलाय. जसाच्या तसा सांग म्हणाली."

"काय?"

"लग्न ठरलेल्या तारखेलाच. माझा ब्लाऊज तेवढा आता विहीणबाईंच्या मापाने शिवा."